निवांत कथांचे जग : 'चश्मेबद्दूर'ची दिल्ली आणि सौम्य रंजनाच्या मर्यादा

५ एप्रिल २०१३ रोजी देशभरातील चित्रपटगृहांत एकाच नावाचे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. एक डेव्हिड धवन यांनी नव्याने दिग्दर्शित केलेला 'चश्मेबद्दूर', तर दुसरा सई परांजपे यांचा १९८१ सालचा मूळ चित्रपट. मूळ चित्रपटाची प्रत डिजिटल तंत्राने दुरुस्त करून ती पुन्हा पडद्यावर आणण्यात आली होती. दिल्लीतील तीन बेकार मित्र, पानाच्या टपरीवरची त्यांची थकलेली उधारी आणि घरोघर कपडे धुण्याची पावडर विकणारी एक मुलगी, एवढ्याच भांडवलावर उभा असलेला हा चित्रपट बत्तीस वर्षांनंतरही लोकांना तिकीट काढून पाहावासा वाटला.

फारसे काही घडत नाही, पण जिथे राहावेसे वाटते, अशा कथाविश्वाला अलीकडे इंग्रजीत 'कोझी' असे विशेषण लावले जाते. हे विशेषण आधी रहस्यकथांना लागले. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० साली कादंबरीतून वाचकांसमोर आली, तेव्हापासून लहानशा गावात, चहाच्या पेल्यांच्या साक्षीने होणारे खून वाचकांनी निर्धास्तपणे वाचले आहेत. पुढे ते अद्भुत कादंबऱ्यांना आणि व्हिडिओ गेम्सनाही चिकटले. अमेरिकी लेखक ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या 'लेजंड्स अँड लाटेज' या २०२२ सालच्या कादंबरीची नायिका तलवार खाली ठेवते आणि कॉफीचे दुकान काढते. संघर्ष म्हणायचा तर तो दुकान चालेल की नाही, एवढाच.

या शब्दाचे भाषांतर करताना मात्र अडचण येते. 'उबदार' हा शब्द लगेच सुचतो, पण ऊब ही थंड प्रदेशातील माणसाची गरज आहे. नागपूरच्या मे महिन्यात कोणी ऊब मागत नाही, तेथे सुख म्हणजे माठातले पाणी आणि वाळ्याचा पडदा. दिल्लीत जानेवारीत रजई हवी आणि जूनमध्ये कूलर. त्यामुळे मराठीपुरता 'निवांत' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. त्यात तापमान नाही, वेळ आहे, आणि या प्रकारच्या कथेचे खरे भांडवलही वेळ हेच असते.

दूरदर्शनपासून बरसातीपर्यंत

सई परांजपे यांचा जन्म १९३८ सालचा. रँग्लर र. पु. परांजपे यांची ही नात आणि शकुंतला परांजपे यांची कन्या. त्यांच्या कामाची सुरुवात पुण्यात आकाशवाणीवर झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिक्षण घेतल्यावर त्यांनी दिल्ली दूरदर्शनवर अनेक वर्षे निर्माती म्हणून काम केले. दूरदर्शनसाठी त्यांनी केलेल्या 'द लिटल टी शॉप' या १९७२ सालच्या चित्रपटाला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. निवांत कथेचे आजचे अभ्यासक ज्या चहा-कॉफीच्या दुकानाला या प्रकाराचे हक्काचे नेपथ्य मानतात, ते परांजपे यांच्या कामात असे फार आधीच येऊन गेले होते. 'चश्मेबद्दूर'चे मूळही 'धुआँ धुआँ' या त्यांच्या दूरचित्रवाणीसाठीच्या कृतीत आहे.

चित्रपटातील तिघे मित्र ज्या जागेत राहतात तिला दिल्लीत 'बरसाती' म्हणतात. फाळणीनंतर वसलेल्या दक्षिण दिल्लीतील वसाहतींत अडीच मजली घरांची पद्धत होती. वरचा अर्धा मजला म्हणजे गच्ची आणि तिच्या कडेला एखाद-दुसरी खोली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे आणि पाऊस आला की अंथरूण गुंडाळून खोलीत पळायचे, म्हणून ती बरसाती. घरमालक खाली राहात आणि वरची जागा विद्यार्थी, चित्रकार, पत्रकार किंवा नव्याने नोकरीला लागलेल्या कारकुनांना भाड्याने देत. पुढे बांधकामाचे नियम बदलले, जुनी घरे पाडून चार मजली इमारती उठल्या आणि बरसात्या हळूहळू नाहीशा झाल्या. आज हा चित्रपट पाहणाऱ्या दिल्लीकराला कथेइतकाच त्या गच्चीचाही मोह पडतो.

सिद्धार्थ अर्थशास्त्राचा अभ्यासू विद्यार्थी, ओमी शायर आणि जय सिनेमाचा वेडा. फारुख शेख, राकेश बेदी आणि रवी बासवानी यांनी या भूमिका केल्या, तर नेहाच्या भूमिकेत दीप्ती नवल होत्या. नेहा 'चमको' पावडर विकायला दारात येते आणि सिद्धार्थसमोर बादलीत फेस करून दाखवते. हा प्रेमप्रसंग हिंदी चित्रपटात आजही वेगळा उठून दिसतो, कारण त्यात दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही. पुढे ती दोघे तालकटोरा उद्यानात भेटतात. सईद जाफरी यांनी रंगवलेला लल्लन मियाँ हा पानवाला पैशांसाठी सतत तगादा लावतो, धमक्या देतो आणि तरीही सिगारेट देतच राहतो.

ही उधारी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २० मार्च २०२० रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीचा 'अॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा खेळ बाजारात आला आणि टाळेबंदीत अडकलेल्या जगभरच्या लोकांनी तो उचलून धरला. त्यात खेळाडूला बेटावर घर बांधण्यासाठी टॉम नूक नावाचा एक प्राणी कर्ज देतो. त्या कर्जाला व्याज नाही आणि फेडीची मुदतही नाही. लल्लन मियाँ आणि टॉम नूक हे एकाच जातीचे सावकार आहेत. खऱ्या दिल्लीत असा सावकार भेटल्याचे ऐकिवात नाही.

बातम्यांचे भाषांतर करणे हा प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय आहे. दिवसभर अपघात, पूर, निकाल आणि बाजारभाव एका भाषेतून दुसरीत उतरवल्यावर रात्री घरी जाऊन आणखी एक गुन्हेगारी मालिका पाहण्याची इच्छा उरत नाही. मृतांच्या आकड्यात संध्याकाळपर्यंत तीनदा बदल करावा लागलेला माणूस रात्री लल्लन मियाँची उधारीची वही उघडतो, यात नवल नाही. अशा कथेला पळवाट म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही पाहावे की, दमलेल्या माणसाला सावली हवी असणे हा दोष नव्हे.

मात्र सावली कोणाच्या अंगणात पडली आहे आणि ऊन कोणाच्या, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

मोटारीत बसलेली मुलगी

'चश्मेबद्दूर'च्या उत्तरार्धात मित्रांच्या मत्सरामुळे सिद्धार्थ आणि नेहा दुरावतात. ती चूक निस्तरण्यासाठी नेहाच्या खोट्या अपहरणाचा बेत रचला जातो, म्हणजे सिद्धार्थ धावत येईल आणि हिंदी सिनेमाच्या रीतीने सगळे गोड होईल. पण खरेच गुंड तिला उचलून नेतात आणि धावाधाव सुरू होते. हा सगळा भाग हसतखेळत मांडला आहे.

आता याच शहरातील दुसरी घटना. २६ ऑगस्ट १९७८ रोजी सायंकाळी नौदल अधिकाऱ्याची दोन मुले, गीता आणि संजय चोप्रा, आकाशवाणीच्या 'युववाणी' कार्यक्रमात भाग घेण्यासाठी घरातून निघाली. वाटेत एका मोटारीतून त्यांचे अपहरण झाले आणि नंतर रिजच्या जंगलात त्यांचे मृतदेह सापडले. रंगा आणि बिल्ला या दोन गुन्हेगारांना त्यासाठी फाशीची शिक्षा झाली आणि ३१ जानेवारी १९८२ रोजी तिहार तुरुंगात तिची अंमलबजावणी झाली. म्हणजे मे १९८१ मध्ये 'चश्मेबद्दूर' प्रदर्शित झाला, तेव्हा हे दोघे तिहारमध्येच होते. या मुलांच्या नावाने पुढे राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार दिले जाऊ लागले. दिल्लीतील त्या पिढीच्या पालकांना मुलीला मोटारीत ओढण्याचे दृश्य कसे दिसले असेल, याची कल्पना करता येते.

तरीही लोक हसले. याचे एक कारण असे की, निवांत कथा वाचकाशी सुरुवातीलाच एक करार करते. काहीही झाले तरी शेवटी सगळे घरी परततील, हे ती पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकते. मिस मार्पलच्या गावात प्रेत सापडते तेव्हाही वाचकाचा चहा थंड होत नाही. भीतीचा आकार तोच, पण वजन काढून घेतलेले. दिल्लीच्या प्रेक्षकाला त्या काळात असे वजन उतरवून घेण्याची गरज अधिकच असावी.

दुसरी गोष्ट पाठलागाची. ओमी आणि जय हे दोघेही आधी नेहाच्या मागे लागतात, दोघांचीही फजिती होते आणि दोघेही परत येऊन आपल्या 'विजया'च्या खोट्या कहाण्या रंगवतात. परांजपे यांचा रोख स्पष्ट आहे. मुलीचा पिच्छा पुरवून तिला जिंकणाऱ्या हिंदी सिनेमाच्या नायकाची ही थट्टा आहे, आणि ती एका स्त्री दिग्दर्शिकेने केली आहे. पण थट्टेतील गंमत दोन मित्रांची आणि दंड मात्र तिसरीला भरावा लागतो. त्यांनी नेहाच्या चारित्र्यावर उडवलेले शिंतोडे सिद्धार्थ खरे मानतो, आणि चित्रपट या गोष्टीवरून फार लवकर पुढे सरकतो.

२०१३ साली चित्रपट पुन्हा आला तेव्हा दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेला चार महिनेही झाले नव्हते. त्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमण्यात आली आणि फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आले आणि स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिचा वारंवार पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. या कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली २ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे चित्रपटाच्या पुनःप्रदर्शनाच्या तीनच दिवस आधी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात हीच तरतूद आहे. चित्रपटातील एकही चौकट बदलली नव्हती, पण पाहणाऱ्यांचे शहर बदलले होते.

चाळ आणि संप

परांजपे यांना या मर्यादांचे भान नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. 'स्पर्श' हा त्यांचा आधीचा चित्रपट दिल्लीतील अंध मुलांच्या शाळेत चित्रित झाला. अंध मुख्याध्यापकाच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह होते आणि त्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेमळ माणसांची ही कथा वरवर पाहता सौम्यच आहे, पण तिचा नायक सौम्यपणावरच संशय घेतो. समोरच्याची माया ही माया आहे की दया, हे त्याला कळेनासे होते आणि ठरलेले लग्न मोडते. चांगुलपणाही जाचक होऊ शकतो, हे इतक्या शांत आवाजात सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट चटकन आठवत नाही.

१९८३ सालचा 'कथा' हा शं. गो. साठ्ये यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर आधारित होता. मुंबईची चाळ, सामाईक नळ, गॅलरीतील गप्पा. मराठी वाचकाला हे जग पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मुळे १९५८ पासूनच परिचयाचे होते. मात्र येथे कासव शर्यत जिंकत नाही. थापाड्या बाशू चाळीला लुबाडतो, संध्याला फसवतो आणि निघून जातो. सिद्धार्थचे काम करणारे फारुख शेखच येथे बाशू झाले आहेत, हेही विशेष.

'कथा'तील चाळीत सुखदुःखे आहेत, पण गिरणीचा भोंगा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. चित्रपट आला तेव्हा गिरणगावातील हजारो चाळींत चुली कशा पेटवायच्या हा प्रश्न होता. कारकुनांची चाळ आणि कामगारांची चाळ यांत अंतर फार तर दोन-तीन मैलांचे असते. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली आणि दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्यांतील मुंबईला निवांत हा शब्द ठाऊक नाही. साहित्यात ही दोन शहरे बराच काळ एकमेकांकडे पाठ करून राहिली.

परांजपे यांनी पाठ वळवली, हे नोंदवायला हवे. १९९० सालचा त्यांचा 'दिशा' हा चित्रपट गावातून मुंबईच्या गिरणीत येणाऱ्या शेतकऱ्यांविषयी आहे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार त्यात दिसतात. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव गावाहून मुंबईला येतात, तर ओम पुरी यांनी केलेला शेतकरी गावातच राहून वर्षानुवर्षे एकट्याने विहीर खणत राहतो. आवाज तोच, मिश्कील आणि संथ. पण 'दिशा'चे नाव 'चश्मेबद्दूर'सारखे घरोघरी पोहोचले नाही, आणि निवांत कथेच्या चाहत्यांनी या गोष्टीचा थोडा विचार करावा.

पडद्यावरची शेती

शेतीचा विषय निघालाच आहे, तर निवांत व्हिडिओ गेम्सपैकी सर्वांत लोकप्रिय खेळ शेतीचेच आहेत. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या 'हार्वेस्ट मून'ने ही वाट पाडली. २००९ साली फेसबुकवर आलेला 'फार्मव्हिल' भारतातही अनेकांनी कार्यालयीन वेळेत चोरून खेळला. तो निवांत होता असे मात्र म्हणवत नाही, कारण वेळेवर न काढलेले पीक त्यात वाळून जाई आणि माणसाला पुन्हा पुन्हा संगणकाकडे धाव घ्यावी लागे. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो बंद झाला. अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी एकट्याने तयार केलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ साली आला. कंपनीतील नोकरीला कंटाळलेला तरुण आजोबांच्या शेतावर जातो, अशी त्याची सुरुवात आहे.

या शेताचे नियम पाहण्यासारखे आहेत. पाऊस पडला की त्या दिवशीचे शिंपण वाचते, अतिवृष्टी मात्र कधी होत नाही. माल रात्री पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा. आणि भाव पडत नाही. आज कितीही पार्सनिप विकले तरी उद्या तोच दर. लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन गेलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला यातील कल्पनारम्य भाग कोणता हे सांगावे लागणार नाही. त्याला परी आणि जादूगार सहज पटतील, स्थिर भाव पटणार नाही.

टाळेबंदीच्या त्याच २०२० सालात, नोव्हेंबर महिन्यात, दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येऊन बसले. तीन कृषी कायदे रद्द करावेत आणि किमान आधारभूत किमतीला कायद्याची हमी मिळावी, या त्यांच्या मागण्या होत्या. कायदे मागे घेण्यात आल्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये ते परतले. दोन हिवाळे त्या रस्त्यांवर निघाले. हमीभावाची मागणी म्हणजे एका अर्थाने 'स्टारड्यू व्हॅली'तील पेटीचीच मागणी होती, असे म्हटले तर ते थोडे आगाऊपणाचे होईल, पण अगदीच चुकीचे होणार नाही. खेळ खेळणारा शहरी तरुण ज्या निश्चिंतीसाठी शेतावर जातो, ती निश्चिंती शेतावर नसल्यामुळेच शेतकरी शहराच्या वेशीवर आला होता.

ब्रिटिश लेखक ब्रायन आल्डिस यांनी १९७३ साली विज्ञानकथेच्या इतिहासात 'निवांत संकट' या अर्थाचा एक शब्दप्रयोग रूढ केला. जगबुडी होते, बाकी सगळे मरतात आणि उरलेला नायक रिकाम्या हॉटेलात आरामात राहतो, अशा कादंबऱ्यांची ती चेष्टा होती. बाकीच्यांचे काय झाले, हे विचारायचे नाही, ही त्या आरामाची अट.

फुलेराचा शेवट

टाळेबंदी सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, ३ एप्रिल २०२० रोजी, 'पंचायत' ही हिंदी वेबमालिका आली. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात कल्पिलेले फुलेरा गाव, नाइलाजाने ग्रामसचिव झालेला शहरी तरुण, आणि गावातील प्रश्न म्हणजे सौरदिवा कोणाच्या दारात बसवायचा. गावाचे चित्रण मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात झाले. 'दिशा'तील रघुवीर यादव येथे प्रधानाचे पती आहेत. प्रधान खरे तर त्यांची पत्नी मंजूदेवी, पण कारभार पती पाहतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना दिलेल्या जागांचे प्रत्यक्षात काय होते, हे आपल्याकडील 'सरपंच पती'मुळे महाराष्ट्रालाही चांगले ठाऊक आहे. मालिका त्यावर हसते, आणि पहिल्या भागाच्या शेवटी मंजूदेवीला झेंडावंदनाला उभी करते. जातीबद्दल मात्र ती जवळजवळ काहीच बोलत नाही. दुबे, त्रिपाठी, शुक्ला आणि पांडे, ही तिच्या चार मुख्य पुरुष पात्रांची आडनावे आहेत.

मे २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस मात्र मालिकेने तो करार मोडला. उपप्रधान प्रल्हाद यांचा सैन्यात असलेला एकुलता मुलगा मारला जातो आणि त्याचे पार्थिव फुलेरात येते. सौरदिवा, नळ आणि चपलांवरून भांडणारे अख्खे गाव गप्प होते. याच भागाला नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला. २०२४ सालच्या तिसऱ्या भागात विनोद परतला, निवडणुकीची धामधूमही आली. प्रल्हाद यांना सरकारकडून पन्नास लाख रुपये मिळाले आहेत. ते पैसे त्यांना कोणाला तरी देऊन टाकायचे असतात, आणि रिकाम्या घरात झोप येत नाही म्हणून ते रात्री उशिरापर्यंत गावातून हिंडत असतात.